अच्युतरावांनी खोडलेली ओळ

अच्युत विनायक खानझोडे नागपूरहून भोपाळला नोकरीला आले ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि वडिलांची पायपेटी. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नकाशे काढायचे, आणि संध्याकाळी टाउनशिपच्या मराठी मंडळात पेटीवर बसायचे. दर डिसेंबरात मंडळ एक संगीत नाटक करायचं. त्याच्या चाली, तालमी, गाणाऱ्यांचे रुसवेफुगवे, सगळं अच्युतराव सांभाळायचे.

मी प्रभाकर. टाउनशिपच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतो आणि मंडळाच्या नाटकात प्रॉम्प्टर. मला गाता येत नाही, अभिनय करायची हिंमत नाही. वही घेऊन विंगेत उभं राहणं तेवढं जमायचं. त्यामुळे अच्युतरावांना मी बावीस वर्षं बाजूने पाहिलं आहे. माणूस अतिशय सभ्य. आवाज कधी चढला नाही, कुणाचं मन कधी दुखावलं नाही. कुणी काही सांगितलं की "बरं, बरं" म्हणायचे आणि करायचे. आम्ही त्याला चांगुलपणा समजत होतो. तेही समजत होते.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये मंडळाकडे तक्रार आली. टाउनशिपच्या टोकाला काही जुनी क्वार्टर्स राहण्यालायक नाहीत म्हणून रिकामी केली होती. प्रत्येक दारावर लाल रंगात 'कंडम' लिहिलेलं. त्यातल्या एका क्वार्टरमध्ये काही मुलं भयंकर आवाज करतात, आणि त्यात आपली मराठी मुलंही आहेत, अशी ती तक्रार होती. त्या मुलांत अच्युतरावांची कांचन होती. ती तेव्हा एकवीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. म्हणून अध्यक्षांनी त्यांनाच पाठवलं. एकट्याने जायला नको म्हणून मी गेलो.

रविवारची दुपार. आत छताचे पोपडे पडलेले, जमिनीवर वायरींचं जाळं. कांचनच्या गळ्यात बेस गिटार, खानझोड्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधला इम्रान ड्रमवर, आणि मधे उदय ढोबळे गिटार घेऊन ओरडत होता. गात होता असं म्हणणं मला तरी जमणार नाही. आम्हाला पाहून ते थांबले.

"हे काय आहे, कांचन?" अच्युतरावांनी विचारलं.

"पंक, बाबा."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन सूर आले तरी पुरे. जे म्हणायचंय ते जोरात म्हणायचं आणि तीन मिनिटांत संपवायचं."

"आलाप, ताना काही नाही?"

उदय हसला. "आलाप करायला टाइम कोणाकडे आहे, काका?"

मला वाटलं, आता अच्युतराव "बरं, बरं, आवाज कमी करा" म्हणतील आणि आपण घरी जाऊ. त्यांनी एक रिकामी बादली उलटी केली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "पुन्हा वाजवा बघू."

चार गाणी ऐकली आम्ही. हिंदी-मराठीची खिचडी. बाप सकाळी कामावर जातो. बाप घरी येत नाही. ऑफिसातले लोक घरी येऊन कागद पुढे करतात. सामान टेम्पोत चढतं आणि क्वार्टरच्या दाराला कुलूप लागतं. माझे कान बधिर झाले होते. परतताना अच्युतराव झपझप चालत होते. मग मधेच थांबून म्हणाले, "प्रभाकर, ती चार गाणी नाहीत. चार प्रवेश आहेत. यंदा आपलं नाटक हेच."

मंडळात अर्थातच गदारोळ झाला. संगीत नाटकात ड्रम? पण गेली काही वर्षं पहिल्या दोन रांगा सोडल्या तर हॉल रिकामाच असायचा, तरुण पोरं फिरकत नव्हती. शेवटी अध्यक्षांनी होकार दिला. खरी अडचण उदयची होती. त्याला नाटकच नको होतं.

"नाटकात काय होतं काका, गाणं आलं की माणूस थांबतो, उभा राहून गातो, लोक 'वा' म्हणतात. आमच्या गाण्याला कुणी 'वा' म्हटलं तर गाणं मेलं."

"आणि आमच्याकडे वन्स मोअर मिळाला तर गाणं जगलं," अच्युतराव म्हणाले.

"पण दोनदा चिडता येतं का, काका?"

अच्युतराव हसले. म्हणाले, "प्रयोगात बघू."

पुढचे तीन महिने मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. पेटीच्या खालच्या पट्ट्या एकदम दाबून त्यांनी कारखान्याचा भोंगा काढला आणि त्यावर गिटार सुरू केली. मंडळातल्या सहा बायकांचा कोरस केला, आणि त्यांच्या हातात टाळ देण्याऐवजी जेवणाचे डबे दिले. झाकणावर चमचा आपटून त्या असा ठेका धरायच्या की इम्रान थक्क व्हायचा. आधी सूर चुकला की ते हात वर करून गाणं थांबवायचे. आता उदयचा आवाज फाटला की मान डोलवायचे. "फाटू दे. इथे फाटायलाच पाहिजे," म्हणायचे. उदय त्यांच्या घरी जेवायला येऊ लागला. सुमनवहिनी त्याला भाकरी वाढायच्या आणि हे दोघे ताटावर बोटं वाजवत वाद घालायचे. वडील गप्पगप्प असलेल्या घरातून आलेला मुलगा होता तो. एक बोलणारा वडीलधारा माणूस भेटल्यावर त्याला जे वाटलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

दसऱ्यानंतर उदय नाटकासाठी नवं गाणं घेऊन आला. शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. कोरसच्या बायका, मी, अच्युतराव, सगळे बसलो होतो. उदयने गिटारवर एकच सूर धरला आणि सुरू केलं:

रेषा सरकली, रेषा सरकली,
बाप जिथे होता तिथेच होता,
रेषा सरकली!
कुणी सरकवली? कुणी सरकवली?
नकाशावाल्या, हात दाखव!

शेवटची ओळ तो प्रेक्षकांकडे बोट करून ओरडला. मग पुन्हा. मग बायकांना म्हणाला, "आता तुम्ही पण." सहा बायका डबे आपटत ओरडल्या, "नकाशावाल्या, हात दाखव!" अंगावर काटा आला माझ्या.

अच्युतरावांनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले होते.

"गाणं चांगलं आहे," ते म्हणाले. "शेवटची ओळ मात्र चालणार नाही."

"का, काका?"

"एक तर तालाची टाळी जुळत नाही. आणि दुसरं, पात्राने प्रेक्षकाकडे बोट केलं की प्रेक्षक त्याच्यापासून तुटतो. तोवर तो तुझ्या बाजूने असतो. त्यालाच आरोपी केलंस तर त्याने रडायचं कुणासाठी?"

"बाबा, तीच ओळ तर गाणं आहे," कांचन म्हणाली.

"रंगभूमीला तिचे नियम असतात," अच्युतराव म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांनी पेटीवर पिलू रागाचे चार सूर काढले आणि त्या जागी नवे शब्द बसवले, 'बाबा, चला ना घरी.' गोड होतं. बायकांपैकी एकीने डोळे पुसले.

उदय थोडा वेळ गिटारच्या तारांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकांना स्टेजचं कळतं. आपल्याला नाही कळत." आणि ते नवे शब्द शिकायला बसला.

"प्रभाकर, वहीतून ती ओळ खोडून टाक," अच्युतराव मला म्हणाले. मी खोडली.

त्या दिवशी मला जे माहीत नव्हतं ते असं. उदयचे वडील गोपीनाथ ढोबळे कारखान्यात खलासी होते, म्हणजे क्रेनला माल अडकवणारे. अठ्ठ्याण्णव साली क्रेनवरून लोखंडी तुकडा सुटला आणि त्यांचा उजवा पाय चेंगरला. वर्कशॉपमध्ये जमिनीवर पिवळी रेषा असते. तिच्या आत माणसाने चालायचं, तिच्या बाहेर क्रेनचा रस्ता. गोपीनाथराव आत होते की बाहेर, एवढाच चौकशीचा प्रश्न होता. मोजमाप घेऊन नकाशा काढायला ड्रॉइंग ऑफिसातून पाठवलं अच्युतरावांना.

त्यांनी टेप लावून मोजलं. जमिनीवर डाग होता तो जुन्या, पुसट झालेल्या रेषेच्या दीड फूट आत होता. पण मधल्या दोन दिवसांत कुणीतरी रेषा नव्याने रंगवून घेतली होती, दोन फूट आत सरकवून. नव्या रेषेच्या हिशेबाने गोपीनाथराव बाहेर. अच्युतरावांनी आपल्या साहेबांना दोन्ही मापं दाखवली. साहेब म्हणाले, "खानझोडे, आज जी रेषा दिसते तीच दाखवायची. जुनी कशाला?"

अच्युतराव म्हणाले, "बरं."

चूक गोपीनाथरावांची ठरली. दोन वर्षांत नोकरी गेली, क्वार्टर गेलं. अच्युतरावांना कुणी बढती दिली नाही की धमकी दिली नाही. "मला त्यातून काही मिळालं नाही, प्रभाकर," ते मला पुढे म्हणाले होते. "मिळालं असतं तर निदान मी लाच घेतली असं तरी म्हणता आलं असतं. मी फक्त नाही म्हणालो नाही."

उदयला नकाशा काढणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. वडिलांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की रेषा सरकवली होती.

प्रयोग डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी झाला. हॉल भरला, मागे लोक उभे. पहिल्या रांगेत कारखान्याचे मोठे साहेब सपत्नीक. पहिल्या दोन गाण्यांना लोक बिचकले. तिसऱ्याला, डब्यांचा ठेका सुरू झाला तसे सावरून बसले. कोपऱ्यातले दोन म्हातारे कानात कापूस घालून का होईना, पण बसून राहिले. टेम्पोचा प्रवेश संपला तेव्हा हॉलमध्ये एकही खुर्ची करकरली नाही. विंगेतून मला वाटलं, अच्युतराव जिंकले. हे स्टेजवर उभं राहू शकतं.

मग शेवटचं गाणं आलं. रेषा सरकली, रेषा सरकली. उदयचा आवाज फाटत वर चढला, आणि जिथे तो फुटायचा तिथे पेटीने त्याला हळूच उचलून पिलूत आणून ठेवलं. 'बाबा, चला ना घरी.' मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांनी रुमाल काढला. आणि हॉल उठला. वन्स मोअर! वन्स मोअर!

उदयने अच्युतरावांकडे पाहिलं. अच्युतरावांनी सवयीने मान हलवली आणि पेटी पुन्हा सुरू केली. दुसऱ्यांदा उदय अजून गोड गायला. 'घरी' शब्दावर एक लहानशी मुरकी घेतली, पाच महिन्यांपूर्वी ज्या मुलाला आलापाला वेळ नव्हता त्याने. लोक 'वा' म्हणाले. उदय खुशीने हसला. मोठे साहेब मान डोलवत टाळ्या वाजवत होते.

मी अच्युतरावांकडे बघत होतो. हात पेटी वाजवत होते, पण त्यांनी तोंड प्रेक्षकांपासून पूर्ण फिरवून विंगेकडे केलं होतं. माझ्याकडे. मला वाटलं, त्यांना भोवळ येते आहे.

प्रयोगानंतर रंगपटात गर्दी. तेवढ्यात एक माणूस काठी टेकत, पाय ओढत आत आला. उदय ओरडला, "बाबा! आवडलं?" गोपीनाथरावांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मग ते पेटीपाशी गेले. अच्युतराव पेटीला खोळ घालत होते. मी शेजारी होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"खानझोडे साहेब, पोराने घरी मला आधीचं गाणं ऐकवलं होतं," गोपीनाथराव हळू आवाजात म्हणाले. "ती ओळ काढलीत ते बरं केलंत. तुमच्यावर आलं असतं."

अच्युतराव वर बघेनात.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चौकशीत नकाशा दाखवला ना मला. कोपऱ्यात नाव होतं. सुरेख अक्षर." गोपीनाथरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पोराला मी नाही सांगितलं. तो तुमच्याकडे जेवतो."

ते गेले. अच्युतराव खोळीची गाठ मारत राहिले. मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. लोक येऊन हात मिळवत होते, अभिनंदन करत होते, आणि ते "बरं, बरं" म्हणत होते.

तीन दिवस ते कामावर गेले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले आणि सगळं सांगितलं. मी म्हणालो, जाऊ द्या, त्या माणसानेच माफ केलंय. ते म्हणाले, "माफ नाही केलं. त्याने मला सांभाळून घेतलं. मी त्याच्या पोराला वापरलं, आणि त्याने मला सांभाळून घेतलं." मी काय बोलणार? वहीतली ओळ मीच खोडली होती, आणि का, हे विचारलंही नव्हतं.

रविवारी ते कंडम क्वार्टरमध्ये गेले. मला बरोबर घेतलं. कांचन, इम्रान, उदय, तिघांसमोर उभ्या उभ्या त्यांनी रेषेचं सांगितलं. टेप, दीड फूट, साहेब, सगळं. कांचन भिंतीला टेकून खाली बसली.

उदयने अॅम्प्लिफायर बंद केला. मग म्हणाला, "म्हणजे टाळी जुळत नव्हती, ते खोटं?"

"खोटं," अच्युतराव म्हणाले. "टाळी जुळत होती."

"प्रेक्षक तुटतो, ते?"

"तेही. कदाचित तुटला असता. तुटायलाच हवा होता."

"रेषेचं मी समजू शकतो, काका. तुम्ही घाबरलात. सगळेच घाबरतात." उदयचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि ते ऐकवत नव्हतं. "पण मला वाटलं, तुम्ही मला गाणं शिकवताय. मी आईला सांगितलं, की काका म्हणतात तेच बरोबर आहे. आणि दुसऱ्यांदा गाताना मला मजा आली. लोक 'वा' म्हणत होते आणि मला मजा येत होती. माझ्या बापाच्या पायावर."

त्याने गिटारची वायर काढली, गुंडाळली आणि निघून गेला.

जानेवारीत शहरातल्या नाट्यस्पर्धेत दुसरा प्रयोग ठरला होता. उदयने नाव काढून घेतलं. मंडळाच्या सभेत लोक चिडले. आजकालच्या पोरांना यश पचत नाही, एक प्रयोग झाला की डोकं फिरतं, वगैरे. अच्युतराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मुलाचा दोष नाही." मग सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. बत्तीस वर्षं ज्या खोलीत त्यांच्या शब्दाला मान होता त्या खोलीत त्यांनी स्वतःचं नाव घेऊन ते सांगितलं. संपल्यावर कुणीतरी खाकरलं. अध्यक्ष म्हणाले, "जुनं कशाला काढायचं आता? पुढचा विषय घेऊ."

त्यांनी कारखान्याच्या ऑफिसात लेखी निवेदन दिलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना दिलं, हे मी मुद्दाम सांगतो. सहा महिन्यांनी उत्तर आलं. प्रकरण निकाली निघालेलं आहे, मुदत संपल्याने कागदपत्रं नष्ट केलेली आहेत. कुणी त्यांना शिक्षा केली नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला असावा.

गोपीनाथरावांचं जवाहर चौकात कुकर आणि गॅस शेगड्या दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ते उत्तर घेऊन अच्युतराव तिथे गेले. गोपीनाथराव एका कुकरच्या झाकणाला रबर बसवत होते. पत्र वाचून त्यांनी परत दिलं.

"याचं मी काय करू, साहेब?"

"मला कळत नाही काय करावं ते. तुम्ही सांगा."

गोपीनाथरावांनी झाकण फिरवून बसवलं. "नकाशा काढून द्या. खरा."

अच्युतरावांनी चार संध्याकाळी बसून तो काढला. मापं पाठ होती. खाली पूर्ण नाव लिहिलं. गोपीनाथरावांनी तो दुकानात भिंतीवर लावला. झाकण घ्यायला आलेली एखादी बाई विचारते, "भैया, ये काहे का नक्शा है?" ते सांगतात, "मैं कहाँ खड़ा था, उसका." ती मान हलवते आणि कुकरचं विचारते.

कांचन वर्षभर वडिलांशी कामापुरतंच बोलली. पुढे लग्न होऊन नाशिकला गेली, आता फोन करते, बोलते. अच्युतराव निवृत्त झाल्यावर शाहपुऱ्यात लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेले. मंडळाने खूप आग्रह केला, पण पेटीवर ते परत बसले नाहीत. मी एकदा तलावाकाठी फिरताना विचारलं, ते तसलं गाणं नाटकात चालतं का, खरं सांगा. ते चालता चालता थांबले. "चालतं. त्या दिवशी टेम्पोच्या प्रवेशापर्यंत चाललंच होतं. पुढे मी आडवा आलो."

महिन्यातून एकदा ते जवाहर चौकात जातात. गोपीनाथराव स्टूल पुढे करतात, चहा मागवतात. नकाशा लावलेल्या भिंतीकडे पाठ करून बसता येईल अशी जागा त्या दुकानात नाही, असं अच्युतरावांनी मला एकदा सांगितलं.

उदय पुण्याला ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. गेल्या दिवाळीत तो आला असताना दुकानात त्यांची गाठ पडली. फिरायला गेलो तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला?

"नमस्कार म्हणाला," अच्युतराव म्हणाले. मग बरीच पावलं चालून झाल्यावर म्हणाले, "साहेब म्हणाला मला. काका नाही म्हणाला."